यशातील पाचवे कारण

पुरुषार्थ मोठा की दैव मोठे, हा प्रश्न मनुष्य फार प्राचीन काळापासून विचारीत आला आहे. घरोघरी त्याची दोन उत्तरे ऐकू येतात, आणि पुष्कळदा ती एकाच मुखातून ऐकू येतात. मुलगा अभ्यासाचा कंटाळा करू लागला म्हणजे वडील त्यास ‘प्रयत्नांती परमेश्वर’ असे बजावतात. आणि तेच वडील स्वतःच्या व्यवहारात ठोकर बसली म्हणजे ‘दैवापुढे कोणाचे चालते?’ असे म्हणून उसासा टाकतात. शेजाऱ्याच्या उत्कर्षाचे कारण माणसाला शेजाऱ्याच्या नशिबात दिसते. स्वतःच्या उत्कर्षाचे कारण मात्र स्वतःच्या बुद्धीत दिसते. अपयशाच्या बाबतीत हाच न्याय नेमका उलटा होतो. याचा अर्थ असा की, दैव आणि पुरुषार्थ हे दोन्ही शब्द सत्याच्या शोधासाठी वापरले न जाता मनाच्या सोयीसाठी वापरले जातात. विचारी गृहस्थाने ही सोय बाजूस ठेवून मूळ प्रश्नाकडे पाहिले पाहिजे.

या विचारासाठी क्रीडाक्षेत्रासारखी दुसरी कसोटी नाही. एखादा व्यापारी धनाढ्य झाला, तर त्यात वडिलांच्या पेढीचा वाटा किती, बाजारभावाचा किती आणि त्याच्या स्वतःच्या अकलेचा किती, हे कोण सांगणार? खेळाडूचे यश मात्र सर्वांसमक्ष घडते. वेळ घड्याळाने मोजली जाते, अंतर फितीने मोजले जाते, गुण दशांशापर्यंत लिहिले जातात. म्हणून लोकांस असे वाटते की, निदान येथे तरी जे मिळाले ते केवळ गुणांचे आणि श्रमांचे फळ होय. अशा कठोर मोजमापाच्या क्षेत्रातही जर दैवाचा प्रवेश आढळला, तर इतर क्षेत्रांविषयी वेगळे सांगण्याचे कारण उरणार नाही.

दिल्लीच्या दक्षिणेस हरियाणा राज्यात फरीदाबाद हे उद्योगनगर आहे. १९४७ च्या फाळणीत वायव्य सरहद्द प्रांतातून घरदार टाकून आलेल्या निर्वासितांनी १९४९ पासून तेथे स्वतःच्या श्रमाने नवी वसाहत उभारली. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्या हातून कोणता अपराध घडला होता? आणि ज्यांनी ते पुन्हा मिळविले, त्यांना जमीन आणि काम मिळाले नसते तर नुसत्या श्रमाने काय झाले असते? दैवाचा आघात, मनुष्याचे श्रम आणि वेळेवर मिळालेला आधार, हे तिन्ही त्या नगराच्या पायातच घातले गेले आहेत. याच फरीदाबादच्या परिसरातील दोन नेमबाजांनी २०२१ साली टोकियोच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत, म्हणजे शारीरिक व्यंग असलेल्या खेळाडूंच्या जागतिक महोत्सवात, भारताचे नाव उज्ज्वल केले. त्यांची कथा या प्रश्नावर जेवढा प्रकाश टाकते तेवढा मोठमोठे वादविवादही टाकू शकत नाहीत.

त्यांपैकी एक मनीष नरवाल. त्याचा जन्म २००१ सालचा. उजवा हात जन्मतःच अधू. बल्लभगढ येथे वाढणाऱ्या या मुलाचे सारे मन फुटबॉलमध्ये होते. त्या खेळात मोठे होण्याचे स्वप्न त्याने पाहिले. परंतु हाताच्या व्यंगामुळे ते स्वप्न पुढे जाईना. पुढे एका स्नेह्याच्या सल्ल्यावरून वडिलांनी त्यास बल्लभगढमधीलच नेमबाजीच्या केंद्रात नेले. हे वर्ष २०१६. तेथे त्याने डाव्या हातात पिस्तूल धरले. दोनच वर्षांनी, २०१८ च्या जकार्ता येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत, त्याने सुवर्णपदक मिळविले. आता विचार करावा की, ते केंद्र घराजवळ नसते, तो स्नेही त्या दिवशी भेटला नसता, किंवा त्याचा सल्ला वडिलांनी हसण्यावारी नेला असता, तर काय झाले असते? हात तोच, दृष्टी तीच, मनाची स्थिरताही तीच राहिली असती. परंतु त्या हातात पिस्तूल आले नसते, आणि आपल्या अंगी असा काही गुण आहे, हे त्या मुलाला स्वतःलाही कधी कळले नसते.

दुसरे सिंहराज अधाना. यांचा जन्म १९८२ सालचा. लहानपणी पोलिओने पायांचे बळ हिरावून घेतले होते. वयाच्या पस्तिशीपर्यंत नेमबाजीशी यांचा काही संबंध नव्हता. २०१७ साली घरातील पुतण्यांना नेमबाजीच्या सरावासाठी नेण्याच्या निमित्ताने ते केंद्रात गेले. मुले शिकत असता काका बाजूस बसून राहावयाचे, एवढेच त्यांचे काम. तेथे त्यांनी सहज म्हणून स्वतः नेम धरून पाहिला, आणि आयुष्याची दिशाच बदलली. पुढे सर्वत्र टाळेबंदी होऊन सराव थांबला, तेव्हा त्यांनी घरीच सरावाची जागा उभारली. त्यासाठी पत्नीने आपले दागिने विकले. टोकियोच्या काही महिने आधी करोनाच्या आजाराने त्यांना रुग्णालयात नेले. त्यातून उठून वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते स्पर्धेस उभे राहिले. पुतण्यांना पोहोचविण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणी केले असते, तर देशाला दोन पदके मिळवून देणारा हा नेमबाज आपल्या अंगचे सामर्थ्य न जाणताच म्हातारा झाला असता.

येथवर दैवाने केवळ दार उघडले. परंतु दाराच्या आत, प्रत्यक्ष स्पर्धेतही त्याची पावले दिसतात. नेमबाजीचा तेव्हाचा नियम असा होता की, प्राथमिक फेरीतून आठ जण अंतिम फेरीत घ्यावयाचे. तेथे आधीचे सर्व गुण पुसून प्रत्येकाने शून्यापासून आरंभ करावयाचा. आणि बारा फैरी झाल्यानंतर दर दोन फैरींनी सर्वांत मागे असलेल्या एकास बाहेर काढावयाचे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी दहा मीटर एअर पिस्तूलची स्पर्धा झाली. प्राथमिक फेरीत मनीष ५७५ गुणांनी सर्वांत पुढे होता. सिंहराज ५६९ गुणांसह सहावे होते. परंतु अंतिम फेरीत मनीष १३५.८ गुणांवर थांबून सातव्या स्थानी बाहेर पडला. सिंहराज टिकून राहिले. एका टप्प्यावर तेही पदकाच्या स्थानावरून खाली घसरले होते. तेवढ्यात चीनच्या प्रतिस्पर्ध्याची विसावी फैर ८.६ वर गेली, आणि २१६.८ गुणांनी सिंहराज यांना कांस्यपदक मिळाले. स्वतःच्या नेमावर त्यांची सत्ता होती. शेजारच्या माणसाच्या बोटावर कोठे होती?

चार दिवसांनी, ४ सप्टेंबरला, पन्नास मीटर पिस्तूलची स्पर्धा झाली. या वेळी प्राथमिक फेरीत सिंहराज ५३६ गुणांसह चौथे आणि मनीष ५३३ गुणांसह सातवा होता. म्हणजे अंतिम फेरीच्या आठ जागांपैकी शेवटून दुसरी जागा त्याच्या वाट्यास आली होती. परंतु पुन्हा सर्वांचे गुण पुसले गेले, पुन्हा सर्व शून्यावर आले. त्या फेरीत मनीषने २१८.२ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले आणि सिंहराज यांनी २१६.७ गुणांनी रौप्यपदक घेतले. एकाच जिल्ह्यातील दोघे एकाच मंचावर शेजारी शेजारी उभे राहिले. दोघांतील अंतर दीड गुणाचे होते.

या दोन दिवसांकडे शांतपणे पाहावे. ज्या नियमाने ३१ ऑगस्टला मनीषचे पहिले स्थान पुसून टाकले, त्याच नियमाने ४ सप्टेंबरला त्याचे सातवे स्थान पुसून त्यास प्रथम येण्याची मोकळीक दिली. नियम अन्यायाचा नव्हता. तो सर्वांस सारखाच होता. नेमबाजही तोच होता. चार दिवसांत कोणाचे कौशल्य दुप्पट होत नाही वा नाहीसे होत नाही. मग पहिल्या दिवशी तो नालायक होता आणि दुसऱ्या दिवशी थोर झाला, असे म्हणावयाचे काय? तसे म्हणणे बालिशपणाचे ठरेल. श्रम आणि गुण यांनी त्यास दोन्ही दिवशी त्या आठ जणांच्या पंक्तीत आणून बसविले. त्या पंक्तीत कोणत्या दिवशी कोणते ताट पुढे आले, हे मात्र केवळ त्याच्या हाती नव्हते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत. कर्म जेथे घडते ते अधिष्ठान, कर्म करणारा कर्ता, त्याची साधने म्हणजे करण, त्याच्या नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे खटपटी, आणि पाचवे दैव. नेमबाजाच्या उदाहरणात ही पाचही कारणे बोटाने दाखविता येतात. शरीर आणि सरावाची जागा हे अधिष्ठान. निश्चयी मन असलेला नेमबाज हा कर्ता. डोळा, हात आणि पिस्तूल ही करणे. वर्षानुवर्षांचा सराव, श्वासाचे नियमन, हजारो फैरी या चेष्टा. आणि या सर्वांच्या पलीकडे, घराजवळचे केंद्र, भेटलेला स्नेही, प्रतिस्पर्ध्याची चुकलेली फैर, हे दैव. या गणनेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, दैवाला त्यात निश्चित स्थान आहे. ते नाकारणारा पुरुषार्थवादी गीतेचा आधार घेऊ शकत नाही. दुसरी अशी की, दैव हे पाचांतील एक आहे. उरलेली चार टाकून केवळ त्याच्यावर विसंबणाऱ्यालाही गीतेत आश्रय नाही. आणि पाचही कारणे सांगून झाल्यावर लगेच असे म्हटले आहे की, इतके असूनही जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी शुद्ध नव्हे.

येथे एक शंका उद्भवते. दैवाला असे स्थान दिले, तर तरुणांचा उत्साह मावळणार नाही काय? ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ म्हणणाऱ्यांना आणखी एक निमित्त मिळणार नाही काय? या शंकेचे उत्तर सिंहराज यांच्याच चरित्रात आहे. नेमबाजीच्या केंद्रात मुलांना पोहोचविण्यासाठी जाणारे पालक देशात हजारो आहेत. दार त्यांनाही उघडेच असते. परंतु पस्तिशीनंतर, पायांत बळ नसता, नवी विद्या आरंभापासून शिकावी, रोज तिच्यासाठी झिजावे, हा निश्चय किती जणांचा होतो? दैवाने त्यांना एका दुपारी एक पिस्तूल हाती दिले. त्यानंतरची चार वर्षे त्यांची स्वतःची होती. दैव दारापर्यंत येते; उंबरा मात्र स्वतःच्याच पायांनी ओलांडावा लागतो. ज्याची तयारी नाही त्याला दैव भेटले तरी ओळखू येत नाही. ‘दैव देते आणि कर्म नेते’ ही म्हण याच अनुभवातून जन्मास आली असावी.

तथापि शंकेची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. फरीदाबादच्या कथेत दैव शेवटी अनुकूल झाले. परंतु ज्याची तयारी पूर्ण आहे आणि दैव मात्र पाठ फिरविते, त्याचे काय? महाराष्ट्राला याचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये कुस्तीसाठी गेले. मातीत वाढलेल्या या मल्लाला तेथील गादीची सवय नव्हती. तरी त्यांनी सहावे स्थान मिळविले. १९५२ साली हेलसिंकीस जाण्याची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत एक दमछाक करणारी कुस्ती आटोपताच खाशाबांना पुढील कुस्तीसाठी उभे केले गेले. मधल्या विश्रांतीचा त्यांचा हक्क मागण्यास आपल्या देशाचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. ते कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतर तसे दुसरे पदक पाहण्यास देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, थांबावे लागले.

त्या दिवशी कोणी अधिकारी तेथे असता आणि अर्धा तास विश्रांती मिळाली असती, तर पदकाचा रंग वेगळा असता की नाही, हे कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही. परंतु एवढे निश्चित की, त्या अर्ध्या तासाचा खाशाबांच्या गुणांशी काहीएक संबंध नव्हता. तसेच हेही निश्चित की, खर्डेकरांनी घर गहाण ठेवले नसते, तर खाशाबांचे सामर्थ्य तिळमात्र कमी न होताही त्यांचे नाव इतिहासात आले नसते. म्हणजे मिळालेले यश जसे संपूर्णपणे गुणाचे माप नव्हे, तसेच न मिळालेले यश हेही गुणाचे माप नव्हे. हेलसिंकीचे जहाज ज्यांना लाभले नाही असे किती खाशाबा त्या काळच्या तालमींत घाम गाळून निनावी राहिले असतील! त्यांना अपयशी म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?

या ठिकाणी काही श्रद्धाळू माणसे एक उत्तर पुढे करतात. ते म्हणतात, ज्याचे त्याचे पूर्वकर्म. अधू हात घेऊन जन्मास येणे हे पूर्वकर्म, पोलिओने पाय जाणे हे पूर्वकर्म, संधी न मिळणे हेही पूर्वकर्म. या उत्तराचा विचार फार सावधपणे केला पाहिजे. प्रारब्धाचा सिद्धान्त मनुष्याला स्वतःचे दुःख धैर्याने सोसता यावे म्हणून आहे. दुसऱ्याचे दुःख निर्विकारपणे पाहता यावे म्हणून नव्हे. कोणाच्या खात्यात काय लिहिले आहे, हे वाचण्याची दृष्टी कोणा गृहस्थाला लाभली आहे? आणि समजा एखाद्याचे व्यंग त्याच्या प्रारब्धाने आले, तर त्याच्या शेजारी राहणाऱ्याच्या अंगी सहाय्य करण्याची शक्ती असणे, हेही प्रारब्धानेच घडले असे का मानू नये? जो सिद्धान्त स्वतःच्या तोंडी शांती आणतो तोच दुसऱ्याच्या बाबतीत उच्चारला म्हणजे निर्दयता होतो. मनीषच्या वडिलांनी ‘मुलाचे नशीबच असे’ म्हणून स्वस्थ बसणे लोकांनी समजुतीचे मानले असते. परंतु त्यांनी त्याचा हात धरून त्यास केंद्रात नेले. यांतील खरी आस्तिकता कोणती, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

दैवाचा आघात आणि दैवाचे दान ही पुष्कळदा एकाच वेळी ओळखता येत नाहीत. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते आणि मुष्टियुद्धात नाव कमावीत होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे त्यांचे शरीर निकामी झाले. मुष्टियोद्धा संपला. उपचाराचा एक भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरविले गेले, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. त्यावरून गोळी लागणे हे सुदैव होते असे कोणी म्हणू नये. तसे म्हणणे त्या वेदनांचा उपहास करणे होईल. एवढेच म्हणावे की, दैवाने जे नेले ते नेले. परंतु उपचार करणाऱ्यांनी जे पुढे ठेवले आणि पेटकरांनी जे हाती घेतले, त्यातून नवे कर्म उभे राहिले. सरकारने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली, सेहेचाळीस वर्षांनी. त्या दीर्घ काळात त्यांचे सुवर्णपदक खोटे नव्हते. त्याकडे पाहणारी दृष्टी मात्र नव्हती.

आता या सर्व उदाहरणांत ज्याला दैव म्हटले, त्याची नीट तपासणी करावी. प्रतिस्पर्ध्याची चुकलेली फैर किंवा युद्धातील गोळी, यांस दैव म्हणणे प्राप्त आहे. परंतु मनीषला मिळालेला सल्ला हे दैव कोठून आले? एका स्नेह्याच्या आपुलकीतून आले. सिंहराज यांची सरावाची जागा कोठून आली? पत्नीच्या अंगावरील दागिन्यांतून आली. खाशाबांचे हेलसिंकी कोठून आले? एका प्राचार्याच्या गहाण पडलेल्या घरातून आले. पेटकरांना पाणी कोणी दाखविले? रुग्णसेवा करणाऱ्यांनी दाखविले. म्हणजे घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले असता जे दैव दिसते, ते देणाऱ्याच्या बाजूने पाहिले असता त्याचे कर्तव्य असते. आकाशातून पडलेले दैव थोडे. माणसांच्या हातांनी पोहोचविलेले दैवच फार. ज्याला अवसर म्हणतात, तो दुसऱ्या कोणाच्या तरी पुरुषार्थाचे फळ असतो. दैव आणि पुरुषार्थ यांचा जुना कलह येथे मिटतो. कारण एकाचा पुरुषार्थ हाच दुसऱ्याचे दैव होतो.

हे एकदा मनात ठसले म्हणजे आचरणाचे तीन नियम आपोआप हाती येतात. पहिला नियम यशस्वी मनुष्यासाठी. त्याने आपल्या श्रमाची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही. खोटी नम्रता हाही असत्याचाच प्रकार आहे. परंतु आपल्या यशाच्या पाच कारणांपैकी किती कारणे उसनी आली, याचा हिशेब त्याने रोज करावा. खाशाबांनी परत आल्यावर कुस्त्यांचे फड लावून पैसा जमविला आणि खर्डेकरांचे ऋण फेडले. ही गोष्ट त्यांच्या पदकाइतकीच थोर आहे. घेतलेले परत न करता एकट्यानेच भोगणाऱ्यास गीतेने चोराच्या पंक्तीत बसविले आहे, ही गोष्ट संपन्न घरांनी विसरू नये.

दुसरा नियम अपयशी मनुष्यासाठी. त्याने आपल्या चार कारणांचा प्रामाणिक झाडा घ्यावा. कष्टात उणीव राहिली असेल तर ती दैवाच्या माथी मारू नये. परंतु त्या चारांत उणीव नसेल, तर पाचव्या कारणासाठी स्वतःस हीन मानू नये. ३१ ऑगस्टच्या सायंकाळी सातव्या स्थानावरून परतलेला मनीष जर त्या दिवसालाच आपली योग्यता समजून बसला असता, तर ४ सप्टेंबर उगवला नसता. पुढे २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये दहा मीटरच्या त्याच स्पर्धेत, जेथे तो सातवा आला होता तेथे, त्याने २३४.९ गुणांनी रौप्यपदक मिळविले. फळावरची दृष्टी काढून कर्मावर स्थिर करावी, हा भगवंतांचा उपदेश वैराग्याच्या गुहेसाठी सांगितलेला नाही. दोन फैरींच्या मधल्या क्षणी ज्याचा हात थरथरता कामा नये, त्याच्यासाठीही तो तितकाच आहे. मागची फैर सुटून गेली, पुढची अजून यावयाची आहे. हाती आहे ती एवढीच एक.

तिसरा नियम सर्व गृहस्थांसाठी, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येक गृहस्थ आपल्या मुलासाठी चांगले दैव मागतो. त्यासाठी व्रते होतात, नवस होतात, पत्रिका पाहिल्या जातात. परंतु दुसऱ्याच्या मुलाचे दैव पुष्कळदा त्याच्याच हाती असते, हे त्याच्या ध्यानी येत नाही. वाड्यातील एखाद्या मुलास वेळेवर दिलेला सल्ला, पुतण्याबरोबर शेजारच्या मुलासही मैदानावर नेणे, मोलकरणीच्या मुलीची परीक्षेची फी, अधू मुलाकडे दयेच्या दृष्टीने न पाहता ‘याला काय जमेल?’ या दृष्टीने पाहणे, या लहान लहान गोष्टी होत. त्यांची कोठेही नोंद होत नाही. परंतु ज्याला त्या मिळतात त्याच्या आयुष्यात त्यांनाच पुढे ‘नशीब’ असे नाव पडते. आणि एकाला मिळालेला अवसर एकट्यापाशी थांबत नाही. मनीषचा धाकटा भाऊ शिवा नरवाल त्याच विद्येत शिरला आणि २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या सुवर्णविजेत्या नेमबाज संघात उभा राहिला. एका स्नेह्याच्या एका शब्दाचे फळ कोठवर जाते, याचे मोजमाप कोण करणार?

कोणी म्हणेल, अशा रीतीने दिलेला प्रत्येक अवसर फळतोच असे नाही. खरे आहे. केंद्रात नेलेली सर्वच मुले मनीष होत नाहीत, आणि विकलेल्या दागिन्यांचे सोने सर्वदा पदकाच्या रूपाने परत येत नाही. ज्या स्त्रीने आपले अलंकार काढून दिले, तिला त्या दिवशी टोकियो दिसत नव्हते; तिला पतीची तळमळ तेवढी दिसत होती. घर गहाण ठेवणाऱ्या प्राचार्यांजवळही पदकाची हमी नव्हती. म्हणूनच त्यांचे कर्म मोठे. फळाची हमी घेऊन दिलेले दान हा व्यापार होय. फळ हाती नाही हे जाणून, केवळ करणे योग्य म्हणून केलेले कर्म, हेच गीतेला मान्य असलेले कर्म होय.

मंचावर विजयी वीर उभा राहतो, तेव्हा लोकांना एक मनुष्य दिसतो. ज्याची दृष्टी शुद्ध आहे त्यास त्याच्यामागे आणखी पुष्कळ माणसे उभी असलेली दिसतात: हात धरून नेणारा पिता, रिकाम्या गळ्याची पत्नी, घराचा कागद सावकाराकडे ठेवणारा गुरू, नाव न सांगता निघून गेलेला स्नेही. आणि त्यांच्याही मागे, अंधारात, तितकीच गुणी पण अवसर न मिळालेली असंख्य मुले उभी असतात. त्या मुलांचे दैव अद्याप लिहावयाचे आहे. ते लिहिण्यासाठी ईश्वराने ज्यांच्या हाती लेखणी दिली आहे, त्यांनी आपली पत्रिका पाहण्यात काळ न दवडता ती लेखणी उचलावी.